उजव्या गालासाठी अकोल्याला

मे महिन्यात अकोल्याला हौसेनं कोणी जात नाही. लग्नकार्य असलं तर जातात, तेही यजमानाच्या नावानं मनात दोन शिव्या हासडत. आम्ही गेलो ते माझ्या उजव्या गालासाठी. परत येऊन आता तीन आठवडे झाले. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना सगळ्यांना सांगून झालं, काहींना तर दोनदा सांगून झालं. तरी लिहायला बसले आहे, कारण हे दुखणं घेऊन घरात गुपचूप बसलेलं आणखी कोणी असेल, तर त्याला वाट तरी कळावी.

मी शेंदूरजनाघाटच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. आमचे हे संत्र्याची बाग करतात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आणि घरातलं बोलण्याचं खातं पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. हे म्हणजे अगदी अबोल. हो आणि नाही यांवर त्यांचा संसार चालतो. माझ्या तोंडाचा पट्टा मात्र सकाळी चहाच्या आधणापासून जो सुरू होतो तो झोपेपर्यंत. सासूबाई म्हणायच्या, हिच्या घरात चोर शिरला तर गोष्ट ऐकत बसन.

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस दात घासताना उजव्या गालात करंट बसला. खरंच करंट, दुसरा शब्द नाही त्याला. उघडी वायर आतून हिरडीला लावावी तसा. दोन-तीन सेकंद, की संपलं. मग दिवसातून दोनदा, मग वीसदा. वारा लागला की करंट, घास चावला की करंट. दाढेचंच असेल म्हणून एक दाढ काढली. दुखणं तिथंच. दुसरी काढली. दुखणं जागचं हललं नाही, दाढा तेवढ्या गेल्या.

सगळ्यात वाईट म्हणजे बोललं की करंट. त्यातही ओठाला ओठ लागला की हमखास. आता पहिलीच्या बाईला प-फ-ब-भ-म म्हणता येत नसेल तर तिनं काय शिकवायचं? मी फळ्यावर छडी ठेवायचे आणि पोरांना म्हणायला लावायचे. म्हणताना कोणी चुकलं तरी सांगता यायचं नाही. शेवटी मी ठरवलं होतं की जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत गाल बोलू देईना, तर राजीनामा द्यायचा. आणि घरी? घरी हे आधी मान हलवून उत्तर देता येईल एवढंच विचारायला लागले. मग तेही बंद केलं. मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून हा माणूस स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरायला लागला. ती शांतता मला दुखण्यापेक्षा जास्त लागायची. रडायचीही चोरी, कारण रडलं तरी करंट यायचा.

शेंदूरजनाघाटहून निघताना

आम्ही निघालो तेव्हा बाग ताणावर होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याचा मृग बहार घ्यायचा असला की उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाड मेल्यागत दिसतं, पाहुण्याला वाटतं गेली बाग. मग पाणी मिळालं की तेच झाड फुलांनी लगडतं. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. किती दिवस ताण सोसेल हे ज्याला पानाकडे पाहून कळतं तो खरा बागाईतदार. आमच्या ह्यांना कळतं. पंचक्रोशीतले लोक त्यांना विचारायला येतात. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा गोंधळ ह्यांच्या ह्याच हुशारीनं घातला.

एसटीत सगळ्यांनी तोंडं बांधली होती. आमच्याकडे मे महिन्यात बायका ओढणी आणि माणसं दुपट्टा डोळ्यांपर्यंत गुंडाळून घेतात, सख्खा भाऊही ओळखू येत नाही. माझ्या गालाला कापडाचा स्पर्शही सोसत नव्हता, त्यामुळे अख्ख्या गाडीत उघड्या तोंडाची मी एकटी. खिडकीची काच बसत नव्हती आणि झळा थेट आत येत होत्या. ह्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि खिडकीवर ताणून धरला. अमरावती येईपर्यंत धरून ठेवला. एक हात अवघडला की दुसरा.

अमरावती

अमरावतीचे डॉक्टर मला दिवाळीनंतरपासून पाहत होते. दुखणं दाढेचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे, हे त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. तोवर मला वाटत होतं की माझ्या डोक्यातच काही बिघाड आहे. नाव कळलं त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले होते. दुखणं काही कमी झालं नव्हतं, पण कोणीतरी खरं मानलं होतं. मेंदूचा फोटो काढला, गोळ्या सुरू झाल्या, आणि तीन-चार महिने चांगले गेले. मग गोळ्या वाढवाव्या लागल्या. एवढ्या की वर्गात पोरांची नावं आठवेनात आणि चालताना भिंत धरावी लागे.

या खेपेला त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, गोळीनं जेवढं व्हायचं तेवढं झालं. आता अकोल्याला जा. तिथं एक डॉक्टर बाई आहेत, सुई टाकून नस शांत करतात. मी बोलतो त्यांच्याशी." लगेच फोन लावून त्यांनी पाच दिवसांनंतरची वेळ घेतली. दुसऱ्याच्या दुखण्यासाठी स्वतः फोन करणारा माणूस मोठाच म्हणायचा.

तोवर नणंदेकडे राहिलो. शोभाताई माझ्याहून धाकट्या, पण घरात त्यांचाच कारभार. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "वहिनीले कोनी काही विचाराचं नाई." शेजारणी आल्या की माझ्या वतीनं त्याच बोलायच्या, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलायच्या. खायला गार आमरस आणि मऊ भात. पहिल्याच संध्याकाळी त्या मला गिलावड्याच्या गाडीवर घेऊन गेल्या. दही-वडाच तो, पण अमरावतीकरांपुढे त्याला दहीवडा म्हणून पाहा. मी डाव्या बाजूनं चमच्याच्या टोकानं नुसतं दही चाखलं. अमरावतीच्या पोरी क्लासमधून सुटून, तोंडावरचे स्कार्फ सोडून तिथं गप्पा हाणत होत्या. मला त्यांचा इतका हेवा वाटला की माझीच मला लाज वाटली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर हे म्हणाले, "एक सुचलं."

मी पाहिलं.

"गोयीनं दुखनं झाकून जाते. मंग त्या बाईले अकोल्यात काय दिसन? गोयी बंद करू. चार दिवस ताण देऊ. दुखनं बरोबर वर येईन, अन् तुया आंगालेही आराम भेटन. मंग इलाज लागू पडते का नाई पाय."

माझ्यासारखी शिकलेली बाई यावर काय म्हणाली असेल? मी मान हलवली. सत्तावीस वर्षं बागेच्या घरात काढल्यावर ताणावर विश्वास बसतोच. शिवाय गोळीनं डोकं इतकं जड झालेलं की कोणी गोळी थांबव म्हटलं तर सोनंच वाटावं. शोभाताईंना कळू दिलं नाही. आणि गंमत म्हणजे पहिले दोन दिवस छान गेले. डोकं हलकं, पाय जमिनीवर. हे माझ्याकडे पानाकडे पाहावं तसं पाहायचे आणि समाधानानं मान डोलवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना चार करंट लागोपाठ आले. मी ते ह्यांना सांगितलं नाही. का नाही, ते अजून मला उमजलेलं नाही. बहुतेक त्यांचं समाधान मोडवेना.

मूर्तिजापूर

वेळ पाचव्या दिवशी सकाळची होती, म्हणून आम्ही आदल्या दिवशी सकाळीच बडनेऱ्याहून रेल्वे धरली. समोरच्या बाकावर माझ्याच वयाची एक बाई होती, मांडीवर डबा. तिनं काकडी चिरली, तिखटमीठ लावलं आणि एक फोड माझ्यापुढे केली. आमच्याकडे गाडीत एकट्यानं खाणं म्हणजे पाप. घ्यायची नसली तरी नुसती मान हलवून चालत नाही, दोन शब्द बोलावेच लागतात. मी म्हटलं, "नको माय."

माझे ओठ मिटले आणि गालात वीज कडाडली. एकदा नाही. थांबेचना. मी गाल धरायला हात नेला आणि हात लागला म्हणून आणखी एक. मी बाकावरून खाली कशी आले ते मला आठवत नाही. ऊन लागलं, असं कोणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं खिशातला कांदा काढला, फोडला आणि माझ्या नाकाला लावला. तिसऱ्या एका भल्या माणसानं आपली थंड पाण्याची अख्खी बाटली माझ्या तोंडावर रिकामी केली. त्या बिचाऱ्यानं स्वतःचं प्यायचं पाणी दिलं, त्याला काय माहीत. पण त्या पाण्यानं माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती डब्यातल्या कोणी आयुष्यात विसरणार नाही.

गाडी मूर्तिजापुरात शिरत होती. काकडीवाली बाई ह्यांना म्हणाली, "भाऊ, उतरा इथं. घर माह्यं जवळच हाये. आधी सावली पाहू, मंग गाडी पाहू." आणि आमची पिशवी तिनंच उचलली.

तिचं नाव कांताबाई. अंगणवाडी चालवते. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि कोपऱ्यात मुलांसाठी रंगवलेले पुठ्ठे. तिनं मला गारेगार फरशीवर निजवलं आणि कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं. वारा माझ्या गालावर येऊ नये हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनं पाहून ओळखलं. ह्यांनी गोळी काढली, पण ती गिळायला माझं तोंड उघडेना. शेवटी कांताबाईनं ती पाण्यात विरघळवून चमच्यानं माझ्या डाव्या गालात सोडली.

"गोयी होती जवळ, तं आधी काहून नाई देली?" तिनं विचारलं.

हे खाली मान घालून म्हणाले, "ताण देऊन रायलो होतो."

तिनं चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "भाऊ, झाडाले ताण देता ते ठीक हाये. त्याले सकाऊन उठून सैपाक नाई करा लागत."

हे उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. भिंतीपलीकडून त्यांच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. माझा हा अबोल माणूस परक्या गावात, परक्या ओट्यावर बसून रडत होता आणि मला उठून "जाऊ द्या हो" एवढंही म्हणता येत नव्हतं.

गोळी लागू पडायला दुपार गेली. तेवढा वेळ कांताबाई माझ्याजवळ बसून होती. "तुमी बोलू नका. मी सांगतो, तुमी आयका," म्हणाली आणि तिनं आपलं अख्खं आयुष्य सांगितलं. तिचं माहेर शकुंतला रेल्वेच्या वाटेवर. ती छोटी गाडी बंद झाल्यापासून माहेर दूर झालं. नवरा लवकर गेला. अंगणवाडीतली एक पोरगी नर्स झाली, तर पहिल्या ड्रेसात फोटो काढून हिला दाखवायला आली. एकही प्रश्न नाही, "हो ना?" सुद्धा नाही. मी आजवर शेकडो लोकांशी बोलले असेन, पण समोरच्याला बोलावं लागू नये म्हणून कोणी बोलतं, हे मला त्या दुपारी कळलं. निघताना तिनं ह्यांच्या हातात काकडीचा डबा दिला. डब्यासाठी तरी परतीला याल, म्हणाली.

अकोला

संध्याकाळच्या गाडीनं अकोल्यात उतरलो तेव्हाही फलाट पायाला भाजत होता. लॉजवर खोलीत वाळ्याचा चांगला कूलर होता. मला वारा नको म्हणून ह्यांनी तो बंद केला, आणि मे महिन्याच्या अकोल्यात आम्ही दोघांनी अख्खी रात्र घामाच्या धारांत बसून काढली. मी खुणेनं सांगितलं, तुम्ही तरी बाहेर व्हरांड्यात निजा. गेले नाहीत.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या, खादीच्या साडीतल्या. माझी फाइल उघडायच्या आधी त्यांनी पत्ता वाचला आणि चष्म्यावरून ह्यांच्याकडे पाहिलं. "शेंदूरजनाघाट, म्हणजे वरूडकडचे का? मग आधी खरं सांगा. गोळीला ताण दिला?"

हे चपलेकडे बघायला लागले.

"लाजू नका. मागच्या महिन्यात तुमच्या मोर्शीकडचे एक काका आले होते, त्यांनी सहा दिवस दिला होता. तुम्ही किती?"

"चार," हे म्हणाले.

"म्हणजे बागाईतदार जरा बरे आहात." मग मात्र त्यांचा आवाज बदलला. ही गोळी अशी एकदम तोडली तर माणसाला झटकेही येऊ शकतात, हे त्यांनी ह्यांना समोर बसवून, सावकाश, तीनदा समजावलं. ह्यांनी तीनदा हो म्हटलं. शाळेत मी इतकी कडक कधी नव्हते.

माझ्याशी बोलताना त्यांनी कागदावर चेहरा काढला. कानाजवळून निघणारी नस, तिला चिकटलेली धडधडती रक्तवाहिनी, आणि घासून घासून वायरचं कव्हर जावं तसं नसेचं झालेलं. गालातून एक बारीक सुई आत नसेच्या मुळापर्यंत न्यायची आणि तिथं हलका शेक द्यायचा. "गाल थोडा बधिर राहील. काही वर्षांनी दुखणं परतही येऊ शकतं, तेव्हा पुन्हा पाहू. शंभर टक्के असं मी कोणालाच सांगत नाही," त्या म्हणाल्या. मला ते आवडलं. वर्षभर शंभर टक्केवाले पुष्कळ भेटले होते.

दुसऱ्या दिवशी टेबलावर घेतलं. सहीचा कागद ह्यांनी ओळ न ओळ वाचला, एरवी हे विजेचं बिलही वाचत नाहीत. आत जाताना त्यांनी माझा हात धरला आणि दारापर्यंत सोडला नाही.

थोडी झोप देऊन सुई आत नेली. मग डॉक्टर बाईंनी मुद्दाम जागं केलं. "बाई, आता मला तुमची मदत लागणार. मुंग्या कुठं येतात ते सांगा. बोलून सांगा."

बोलून. मी जीव मुठीत धरला. एवढा वेळ सुईची भीती वाटली नाही तेवढी त्या शब्दाची वाटली. "ओठाले," मी म्हटलं. अशा वेळी तोंडात पुस्तकी भाषा येत नाही. करंट आला, आणि मी तो गिळला. "आता?" "गालाले." त्या सुई केसभर सरकवायच्या, पुन्हा विचारायच्या. मग पुन्हा झोप, मग शेक, आणि किती वेळानं कोण जाणे, कोणीतरी माझा उजवा गाल कापसानं पुसत होतं. पुसत होतं, आणि मी पडून होते.

"आता काहीतरी बोला," डॉक्टर बाई म्हणाल्या.

"काय बोलू मी बापा?" मी विचारलं.

त्या हसायला लागल्या. माझ्या मात्र उशिरा ध्यानात आलं. ओठाला ओठ लागला होता आणि काही झालं नव्हतं. मग मी रडले, पोटभर रडले. रडल्यानंही काही झालं नाही. डॉक्टर बाईंचे हात मी कपाळाला लावले. त्या म्हणाल्या, हे नको, गोळी मी सांगीन तशी हळूहळू कमी करा आणि ताण-बीण देऊ नका, एवढं पुरे.

परतीला

दोन दिवसांनी निघालो. मूर्तिजापुरात उतरून कांताबाईचा डबा परत केला, त्यात अकोल्याचे पेढे घालून. ह्या खेपेला मी बोलले आणि ती ऐकत बसली. अमरावतीत शोभाताईंनी आधी माझा गाल कुरवाळला आणि मग भावाला असं धुतलं की मलाच मध्ये पडावं लागलं. "बाईमानूस हाये ते दादा, मृग बहार नोहे," एवढंच लिहिण्यासारखं आहे. गिलावडा दोन प्लेट खाल्ला. त्यावर कच्चा चिवडा, कांदा-मिरचीसकट, कुरुमकुरुम. उजव्या बाजूला चव लागत नव्हती, बधिर होतं सगळं. पण डाव्या बाजूनं दोन्ही बाजूंची चव घेतली.

अमरावतीहून दुपारची वरूड गाडी. बसले, आणि काय झालं कोण जाणे, मी ह्यांना बोलायला सुरुवात केली. दोन दाढा काढताना मला अडवलं का नाही इथून निघाले ते ताणावर आले. ताणावरून मोटारीच्या नव्या पाइपावर, पाइपावरून थोरल्या जावेनं दिलेल्या फाटक्या साडीवर. वर्षाचं तुंबलेलं होतं, बांध फुटला. खिडकीतून झळा येत होत्या, गाल उघडाच होता, आणि मी बोलत होते. मोर्शी मागे पडलं तेव्हा मी माझ्या मावसबहिणीच्या लग्नापर्यंत पोहोचले होते, जिथं हे एकवीस वर्षांपूर्वी पंगत सोडून उठून गेले होते.

पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी तोंडावरचा दुपट्टा सोडला आणि ते मागे वळले. मला वाटलं, हे आता मला झापणार. पण ते ह्यांना म्हणाले, "भाऊ, अमरावतीपासून आयकून रायलो. बाई काही थांबत नाई. तुमी घरी कसं सोसता हे?"

"वर्सभर आयकाले नाई भेटलं बावाजी," हे म्हणाले. "बोलू द्या तिले."

आणि माझ्याकडे सरकून बसले. "हं," म्हणाले, "मी पंगतीतून उठलो. मंग?"